बबनची कविता मी म्हटली

डिसेंबर लागला की मुंबईत दोन गोष्टी होतात. एक म्हणजे थंडी पडली आहे असं आपण सगळे मिळून ठरवतो आणि ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढतो. दुसरी म्हणजे गॅदरिंगचा मोसम सुरू होतो. ज्याला आंब्याचा मोसम प्यारा त्याला तो लखलाभ, माझा मोसम हाच. लोखंडी घडीच्या खुर्च्या ओढल्याचा खरखराट, माईकवर बोटानं टकटक करून "हॅलो, हॅलो" म्हणणारा दरवर्षीचा तो गृहस्थ, मखमली पडद्याचा धुरकट वास, आणि पडद्यामागे सफेदा, खोबरेल आणि घाबरलेल्या पोरांचा घाम यांचा मिळून होणारा एक दर्प. तो दर्प नाकात गेला की मी जागचा हलतो. बायको म्हणते, "यांच्या अंगात येतं." येतंच. नाकारण्यात अर्थ नाही.

यंदा गॅदरिंग घरातच शिरलं. माझी मुलगी शुभा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. काव्यवाचनासाठी तिनं लायब्ररीतून एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि त्यातली एक कविता मला वाचून दाखवली. अमेरिकेतल्या एका काळ्या माणसाची कविता. हा माणूस शहरातल्या एका रस्त्याच्या कडेनं झाडं लावतो. पाणी घालतो, आळी करतो, जनावरांपासून राखतो. झाडं मोठी होतात, सावली पडते, सावलीत बाकं येतात आणि बाकांवर पाटी लागते की इथे फक्त गोऱ्यांनी बसावं. तो उन्हात उभा राहून आपल्या झाडांकडे बघतो. चिडत नाही. झाडाला म्हणतो, तू वाढ. तुला पाटी वाचता येत नाही हे फार बरं आहे. माझी मुलगी कधीतरी इथे बसून पाढे पाठ करील, तेव्हा तिच्या डोक्यावरही तू एखादं पान टाक, जसं सगळ्यांच्या डोक्यावर टाकतोस.

शुभा वाचत होती आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. "अगं, हिचं मराठी मला तोंडपाठ आहे!"

रविवारची दुपार होती. माझे दोन जुने मित्र जेवून सुपारी कातरत बसले होते. त्यातला एक लगेच म्हणाला, "आला! काळ्या तोंडाचा किस्सा आला! होऊन जाऊ दे."

हा किस्सा मी आजवर किती वेळा सांगितला असेल कोण जाणे. लग्नाच्या पंगतीत सांगितला, ऑफिसच्या सहलीत सांगितला, एकदा तर दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना सांगितला. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मी गिरगावातल्या चाळीत वाढलेला, एकोणीस वर्षांचा, रंगानं लख्ख गोरा, आवाजानं खणखणीत आणि या दोन्ही गोष्टींची पुरेपूर जाणीव असलेला. दादरच्या एका हॉलमध्ये कॉलेजांची काव्यवाचन स्पर्धा. आमच्या चाळीतल्या नानांनी बाटलीची बुचं जाळून, पूड खोबरेलात खलून माझा चेहरा, मान, हात, सगळं काळं केलं. खोताच्या वाडीतून एका बँडवाल्याचा जुना कोट आणला. मी कविता म्हटली, टाळ्या घेतल्या, पहिलं बक्षीस घेतलं. रंग मात्र उतरेना. तसाच ट्राममध्ये चढलो. कंडक्टर माझ्याकडे बघून अदबीनं म्हणतो, "यस साहेब, व्हेअर गो?" मी म्हणतो, "गिरगाव." कंडक्टर डबाभर ओरडतो, "अरे बघा रे! आफ्रिकेचा माणूस मराठी बोलायला लागला! आता तरी मुंबई द्या म्हणावं!" सगळी ट्राम हसते, कोणीतरी घोषणा देतं, आणि लालबागपासून पुढे दोन स्टॉप माझ्या काळ्या तोंडाच्या नावानं संयुक्त महाराष्ट्राचा जयजयकार होतो.

इथे मी थांबतो. लोक हसून लोळतात. तीन दिवस तोंड घासलं, उशीचा अभ्रा फेकावा लागला, शेजारच्या काकू घाबरून किंचाळल्या, वगैरे शेपटं गरजेप्रमाणे लावतो.

त्या रविवारीही लावली. मित्र हसले. बायको शंभराव्यांदा हसली. शुभा हसली नाही. तिच्या हातात पुस्तक होतं, बोट त्याच पानात होतं.

"बाबा, ही कविता मराठीत केली कोणी?"

मी म्हणालो, "होता एक मित्र."

"नाव काय?"

"बबन. बबन कदम."

"मग गोष्टीत तो कुठे आहे?"

मित्रांपैकी एकानं सुपारी पुढे केली. मी ती तोंडात टाकली.

बबन गोष्टीत सगळीकडे होता. मीच त्याला काढला होता. एकदम नाही. पहिल्यांदा सांगताना तो होता, दुसऱ्यांदा सांगताना त्याच्यामुळे हशा लांबतोय असं वाटलं म्हणून थोडा कापला, मग आणखी थोडा. गोष्ट सांगणाऱ्याचं हे कसब असतं, जे जड वाटतं ते काढायचं.

बबन रंगानं काळा, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. वडील परळच्या एका गिरणीत, रिंगखात्यात. तिथे सूत काततात. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, मजुरी चांगली होती, पण बबनच्या वडिलांच्या जातीचा माणूस तिथे घेत नसत. कारण बबननंच मला सांगितलं होतं, तेही हसत. "मागाच्या धोट्यात सुताची नवीन कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागतं. माझ्या बापानं ओढलं तर धोटा बाटतो. सूत त्यानं हातानं कातलेलं चालतं, हां. कापड झालं की सगळेच घालतात." मग माझ्या शर्टाची कॉलर चिमटीत धरून म्हणाला, "तूसुद्धा."

आदल्या वर्षी त्याच्या घरानं धम्मदीक्षा घेतली होती. घरातले देव समुद्रात सोडले आणि देवांची फळी रिकामी झाली, ती बबनला पुस्तकांसाठी मिळाली. रस्त्यावरच्या रद्दीतून आणलेल्या एका इंग्रजी मासिकात त्याला ती कविता सापडली. ती त्यानं मराठीत केली, सभांच्या हँडबिलांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे", दुसऱ्या बाजूला ते झाड. त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या खिशात ही हँडबिलं असायची. आम्ही ती वाटत फिरायचो. मोर्च्यात हातात हात गुंफून चालायचो, आणि घसा बसला की एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचो. सगळे मराठी एक, हे आम्ही इतक्या मोठ्यानं म्हणत होतो की ते खरं आहे का हे बघायला सवडच नव्हती.

स्पर्धेसाठी कॉलेजातून एकच नाव जायचं होतं. प्रोफेसरांनी बबनचं नाव घातलं. तालमीसाठी त्याला नानांकडे मी नेलं. हे मी स्वतःहून केलं होतं, चांगल्या मनानं. माझी चांगली मनं ही अशी असतात.

नाना आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. कारकुनीतून निवृत्त झालेले, पण तरुणपणी हौशी मंडळीत स्त्रीपार्टी होते आणि त्यांची रंगाची पेटी अजून कॉटखाली होती. बबनला ते ओळखत होते. एका मोर्च्यात लाठ्या सुरू झाल्या तेव्हा बबननं त्यांना खेचून एका दुकानाच्या पायरीवर घेतलं होतं, आणि नाना त्याच्या गळ्याला मिठी मारून पाच मिनिटं थरथरत उभे होते. हे ते सगळ्यांना सांगायचे. "या पोरानं वाचवलं मला." नाना वाईट नव्हते. असते तर ही गोष्ट लिहायला सोपी झाली असती.

बबननं खिडकीपाशी उभं राहून कविता म्हटली. हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. झाडाशी बोलावं तसा बोलला. दारात चाळीतली चारपाच माणसं गोळा झाली होती. नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"भाषा चांगली आहे. पण नाटक झालं नाही."

"नाटक नाहीच ते नाना, कविता आहे."

"स्टेजवर चढलं की सगळं नाटक! तुला सांगतो. मी द्रौपदी करायचो. वस्त्रहरणाला बाया पदर डोळ्याला लावायच्या. का? मी बाप्या होतो म्हणून! बाईनं बाईचं काम केलं तर तिनं काय केलं? ती आहेच बाई. तसं काळ्यानं काळ्याचं काम केलं, तर त्यात कला कुठे राहिली?" आणि माझ्या हनुवटीला हात लावून त्यांनी माझं तोंड दारातल्या माणसांकडे वळवलं. "आता हा सुध्या बघ. हा गोरागोमटा पोरगा काळा झाला, तर प्रेक्षक म्हणतील वा!"

दारातली माणसं हसली. बबनही क्षणभर हसला. "म्हणजे नाना, मी जन्मतःच नापास?"

"नापास कसला? तू ओरिजिनल!"

पुन्हा हशा. आजही कबूल करतो, वाक्य चांगलं होतं. मीसुद्धा हसलो. नानांच्या भिंतीवर रंगपटातला मोठा आरसा होता. त्यात मी स्वतःला काळ्या रंगात बघत होतो आणि कुठल्या ओळीवर पाऊल पुढे टाकायचं ते माझं ठरलंही होतं.

पुढे कितीदा तरी मी या हिशेबानं मनाला समजावलं की हा नानांचा रंगभूमीचा सिद्धांत होता, जातीचा त्यात संबंध नव्हता. असेलही. त्या पिढीला खोट्याचंच वेड होतं. पण रंग लावताना नानांची बोटं माझ्या पापण्यांवरून, ओठांच्या कडांवरून, कानांमागून फिरली तेव्हा एक शंका आली ती आली. मोर्च्यात माणूस माणसाला गर्दीमुळे लागतो. भीतीनं मिठी मारतो. रंगवायला मात्र समोर बसवावं लागतं आणि ठरवून, एकेक बोटानं, त्याच्या चेहऱ्याला हात लावावा लागतो. नानांनी बबनला समोर बसवलं असतं का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, कारण बसवलं नसतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

त्या दिवशी जिना उतरताना बबननं विचारलं, "तुला म्हणायचीय?"

"नाना म्हणतात म्हणून..."

"नानांचं राहू दे रे. तुला?"

मी म्हणालो, "तुझी हरकत नसेल तर."

काय गुळगुळीत वाक्य आहे! आमच्या घरांतून मुलांना हे वाक्य बाळघुटीत मिळतं. आपल्याला हवं ते घ्यायचं आणि नको म्हणण्याचा वाईटपणा दुसऱ्याच्या पदरात घालायचा. बबन दोन पायऱ्या उतरला. मग खिशातून हँडबिलं काढून माझ्या हातात दिली. "खाडाखोड आहे. नीट लावून वाच." प्रोफेसरांना त्यानंच जाऊन सांगितलं की आपला घसा बसलाय, नाव बदला.

स्पर्धेच्या फॉर्मवर चार रकाने होते. स्पर्धक, कविता, कवी, अनुवादक. तीन मी सुबक अक्षरात भरले. चौथा राहिला. घाईत राहिला असं मी पुढे म्हणत असे, पण घाई नव्हती. त्या चौथ्या रकान्यासमोर मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो.

कविता मी उत्तम म्हटली. "तू वाढ"ला गुडघ्यावर बसलो. मुलीच्या ओळीला उजव्या डोळ्यातून पाणी आलं, ते काळ्या रंगावरून ओघळलं आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हुंदका दिला. तो हुंदका मला आजही ऐकू येतो आणि आजही, लाज वाटते तरी, बरं वाटतं. अध्यक्ष बक्षीस देताना म्हणाले, "अनुवाद आणि सादरीकरण, दोन्ही एकाच तरुणाचं. कौतुकाची गोष्ट आहे." टाळ्या दुप्पट झाल्या. मी विंगेकडे पाहिलं. बबन पडद्याला खेटून उभा होता, माझा सदरा-लेंगा घडी करून हातावर घेऊन. मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. मी वाकून नमस्कार केला.

ट्राममध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. आफ्रिकेच्या माणसाच्या नावानं डबा हसत होता तेव्हा बबन खिडकीबाहेर बघत होता. कंडक्टरनं त्याला कुठे जायचं ते मराठीतच विचारलं. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. खरा काळेपणा ट्राममध्ये रोजचाच असतो, त्याला कोण बघतो.

चाळीत दिवेलागण झाली होती. आमच्या मजल्यावरच्या बायका तबक घेऊन गॅलरीत आल्या. आईनं ओवाळलं. काकूंनी माझा काळा गाल ओढून आपल्या बोटाला लागलेला रंग सगळ्यांना दाखवला, कोणीतरी तोंडात साखर घातली. "मेल्या, किती गोड दिसतोस!" बबन जिन्याच्या शेवटच्या वळणावर थांबला होता. त्याला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघून म्हणालो, "वर ये ना." इतक्या हळू म्हणालो की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या माणसाला ते शोभलं नाही. त्यानं कपड्यांची घडी कठड्यावर ठेवली. "येतो रे," म्हणाला आणि गेला.

पुढे राज्य मिळालं. आम्ही पेढे वाटले, कंदील लावले. गर्दीत वाटलं, वरळीला जाऊन यावं. उद्या जाऊ म्हटलं. मराठी माणसांच्या एका राज्यात आम्ही दोघं राहत होतो, मधे काही मैलांचं अंतर होतं, आणि मी वीस वर्षं गेलो नाही.

रविवारचे पाहुणे गेल्यावर मी हे सगळं शुभाला सांगितलं. किस्सा सांगायची सवय असलेल्या माणसाला कबुली देताना फार त्रास होतो. थांबायचं कुठे ते कळत नाही, हशा येत नाही. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला त्यांचं मराठी म्हणायला आवडेल. पण त्यांना विचारायला हवं. पत्ता आहे?"

पत्ता तोच होता. बबन शाळेत मास्तर झाला होता आणि त्यानं चाळ सोडली नव्हती. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही गेलो. दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्याखाली पुस्तकांनी वाकलेली फळी, कोपऱ्यात वहिनी तांदूळ निवडत बसलेल्या. बबननं चष्म्यावरून पाहिलं.

"सुध्या? अरे, केस कुठे गेले तुझे?"

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. उंबऱ्यात उभं राहूनच सुरू केलं. बबन, मी आज वीस वर्षांनी तुझ्या दारात उभा आहे. मधला विराम अचूक पडला. "अपराध" या शब्दावर आवाज किंचित कापला. वहिनींचे हात तांदळात थांबले. उजवा डोळा भरून आला, नेहमीचा तोच डोळा, आणि त्या क्षणी मला माझीच किळस आली. मी क्षमायाचनासुद्धा सादर करत होतो.

"खाली बस बघू आधी," बबन म्हणाला. "उभ्यानं बोललास की तू थांबत नाहीस."

मी बसलो. वाक्य अर्धं राहिलं ते राहिलं.

"मला राग आला होता," तो म्हणाला. "खूप वर्षं होता. ती कविता मी नंतर कुठेच म्हटली नाही. तोंडावर यायची, पण तुझा आवाज ऐकू यायचा." मग शुभाकडे वळला. "तू का आलीस बाळ?"

"काका, तुमची कविता मी म्हणू का? तुमचं नाव सांगून."

बबन हसला नाही. चष्मा काढून पुसला. "म्हण की. पण आधी ऐक तरी."

आणि तो म्हणायला लागला. पाटावर बसल्यासारखा मांडी घालून, हात मांडीवर. बाहेर नळावर हंडे वाजत होते, कोणाचा तरी रेडिओ चालू होता, त्यानं आवाज चढवला नाही. झाडं लावली, आळी केली, बाकं आली, पाटी आली. या ओळी मी हजारदा म्हटल्या होत्या, पण कधी ऐकल्या नव्हत्या. त्याच्या झाडाला मुळं होती. माझं झाड कापडाचं होतं.

"तू वाढ" म्हटलं आणि तो अडला.

पुढची ओळ मला ठाऊक होती. जिभेच्या टोकाशी येऊन उभी होती. शुभानं माझ्याकडे पाहिलं, वहिनींनी पाहिलं. मी दातांवर दात दाबून धरले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. रेडिओवरचं गाणं संपून दुसरं लागलं.

"कोणी सांगू नका," बबन डोळे मिटून म्हणाला.

मग त्याला सापडलं. पण ती हँडबिलावरची ओळ नव्हती. शब्द दुसरे होते, साधे, आत्ता सुचल्यासारखे, आणि त्यांच्या पुढे काय येणार ते मला मुळीच माहीत नव्हतं. मी ऐकत बसलो.